नाव कोणी घ्यायचं नाही

९ डिसेंबर

मी करणार नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे उद्या मीच माझी समजूत घालायला बसले तर हे पान दाखवता येईल.

आज आमच्या वर्गाची पहिली बैठक. दुसऱ्या वर्षाचे आम्ही आठ जण, विद्यापीठाच्या बेसबॉल क्लबच्या खोलीत चटईवर गुडघे मोडून बसलेले, मध्ये रॉकेलचा स्टोव्ह. दरवर्षीचं आहे हे. दुसरं वर्ष संपायच्या आत वर्गातल्या एकाने बेसबॉल सोडायचा आणि मॅनेजर व्हायचं. पुढची दोन वर्षं त्याने सामने ठरवायचे, बस ठरवायची, पंचांना चहा नेऊन द्यायचा, आणि सामन्याच्या दिवशी कोट घालून बाकावर बसून धावा लिहायच्या. चेंडू हातात घ्यायचा तो पिशवीत भरण्यापुरता.

आणि नियम असा, की नाव कोणी घ्यायचं नाही. मतदान नाही, चिठ्ठ्या नाहीत. ज्याला करायचंय त्याने आपणहून उठून ‘मी करतो’ म्हणायचं. तोपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचं. किती सभ्य!

पण बघायला बंदी नाही ना. सहा जण माझ्याकडे बघत होते. ओरितो तेवढा स्टोव्हकडे बघत होता. मुलगी आहे, चेंडू हळू टाकते, अक्षर सुरेख आहे — आणखी काय पाहिजे? मी छताकडे बघत बसले. छताला एक ओल आलीये, तिचा आकार आता मला पाठ आहे.

शेवटी होशिना उठला. "चला, आज कोणाचा मूड दिसत नाही." कोट घालायला मूड लागतो म्हणे!

११ डिसेंबर

इसोगाई सरांनी ऑफिसात बोलावलं. आमचे प्रशिक्षक कधी आवाज चढवत नाहीत, हाच त्यांचा त्रास आहे. चढवला असता तर मलाही चढवता आला असता.

"एकतीस जानेवारीपर्यंत नाव द्या," म्हणाले. "नाही दिलंत तर तुमचा अख्खा वर्ग फेब्रुवारीच्या शिबिराला येणार नाही. वसंतातले सामने तुमच्या जागी पहिल्या वर्षाची मुलं खेळतील."

"हे मला एकटीलाच का सांगताय, सर?"

"सगळ्यांना सांगितलंय. तू सर्वांत शेवटी आलीस."

बरं. मग म्हणाले, "दुसरं काम. क्लबला शंभर वर्षं होतायत. शिनोझुका साहेबांना पुस्तक काढायचंय. तू लिही." शिनोझुका म्हणजे माजी खेळाडूंच्या मंडळाचे अध्यक्ष, सोया सॉसच्या कारखान्याचे मालक. आमच्या सगळ्या बॅटा त्यांच्या कृपेने येतात.

माझं डोकंच फिरलं. "हे मॅनेजरचं काम आहे का, सर? आत्तापासून सवय लावताय का?"

"हे इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थिनीचं काम आहे," सर म्हणाले.

इतिहास शिकते खरी.

१४ डिसेंबर

मैदान गुडघाभर बर्फाखाली. सराव जिममध्ये. माझे चेंडू झेलायला कोणी नव्हतं. सगळ्या कॅचरना आज एकदमच काहीतरी काम निघालं. ओरितो खरं तर सेकंड बेसवर खेळतो, पण कॅचरचा हातमोजा घालून न सांगता येऊन बसला. हे तो पहिल्या वर्षापासून करतोय.

मी विचारलं, "तुला काय वाटतं? मी म्हणावं का ‘मी करते’?"

"मला वाटतं तुझा वळणारा चेंडू आज जास्त खाली पडतोय. अंगठा बघ."

अंगठा बघितला. खरंच चुकत होता. या माणसाकडून बेसबॉलशिवाय दुसरं काही काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. या वसंतात त्याला पहिल्यांदा कायमची जागा मिळणार आहे. चौथ्या वर्षाचा सेकंड बेसवाला जातोय, आणि ओरितोशिवाय दुसरा कोणी नाहीच. गेले तीन आठवडे एकाच हातमोज्याला तेल चोळतोय. विचारलं तर म्हणतो, "मऊ होतोय."

१७ डिसेंबर

पुस्तकासाठी माळ्यावरच्या पेट्या काढल्या. शिंका आणि फोटो.

पहिल्या वर्षी सात विद्यार्थी होते आणि बाकीचे दोन शेजारच्या शिक्षक-शाळेतून उसने आणायचे. पहिला सामना चोवीस-एक असा हरले. ती एक धावसुद्धा समोरच्यांच्या चुकीने! हे मला फार आवडलं. पण पुस्तकात याच्यावर एक ओळ हवी आणि चौऱ्याहत्तर सालच्या अजिंक्यपदावर चाळीस पानं, असं शिनोझुका साहेबांनी कळवलंय. त्या संघात ते स्वतः होते. शंभर वर्षांत एकदा जिंकलो, ते चाळीस पानं. उरलेल्या नव्याण्णव वर्षांत काय माशा मारत होतो?

युद्धात क्लब बंद पडला. सेहेचाळीस साली पुन्हा सुरू झाला, त्याचा फोटो मिळाला. तोच तो, क्लबच्या खोलीत मोठा करून लावलेला. तंबूच्या कापडाचे शिवलेले हातमोजे घालून नऊ हडकुळी मुलं ओळीत, आणि बाजूला साध्या कपड्यांत एक जण. निशिवाकी त्याचं नाव. नऊ हातमोजे, दहा मुलं. दहावा आपणहून बाजूला झाला, संघासाठी तांदूळ आणि रेल्वेची तिकिटं मिळवत हिंडला. आमच्या सगळ्या रडारडीचं मूळ हे. शिनोझुका साहेब दर वार्षिक मेळाव्यात हे सांगताना गहिवरतात, आणि पाठोपाठ सगळे माजी मॅनेजर उठून सांगतात की त्यामुळेच आमचं आयुष्य घडलं.

निशिवाकीचा चेहरा भिंग लावून बघितला. हसतोय. आयुष्य घडत असल्यासारखा दिसत नाही. उन्हाने डोळे बारीक केलेत इतकंच.

२० डिसेंबर

दुसरी बैठक. होशिनाने भाषण केलं. तो फर्स्ट बेसवर असतो, पुढचा कप्तान तोच होणार हे सगळ्यांना माहीत आहे, त्यालाही.

"क्लबला कुठे आपला जास्त उपयोग आहे, हे प्रत्येकाने मनाशी प्रामाणिकपणे विचारावं."

"कोणी विचारावं?" मी.

"मी नाव घेत नाहीये."

"घे ना. बघू तरी."

घेतलं नाही. तेवढी हिंमत नाही. शरदातला शेवटचा सामना विसरला वाटतं. नऊ धावांनी हरत होतो म्हणून सरांनी मला पाठवलं. समोर तीन बॅटर आले. माझा चेंडू इतका हळू येतो की तिसरा तर हसायला लागला. हसता हसता आउट झाला. तिघेही! ते तीन बॅटर म्हणजे माझी आत्तापर्यंतची सगळी कमाई आहे, आणि मला आणखी हवेत.

२१ डिसेंबर

काल गुडघे मोडून बसलेले पाय अजून दुखतायत.

१ जानेवारी

घरी. तांदळाच्या मोचीचं सूप दोन वाट्या, मग तिसरी. काका आले होते. "काय चिझुरु, अजून मुलांत खेळतेस?" म्हणाले. म्हटलं, "नाही काका, मुलं माझ्यात खेळतात." आईने पायाने पाय दाबला.

नंतर भांडी पुसताना आई म्हणाली, "आठांत तू एकटी मुलगी. ते म्हणत असतील तर काही विचार करूनच म्हणत असतील."

"ते म्हणतच नाहीत आई, तेच तर."

"मग तू तरी शहाण्यासारखं कर. आपण होऊन बाजूला झालं की लोक नाव काढतात."

कोणाला पाहिजे नाव! मला चेंडू पाहिजे. ताटली जरा जोरात ठेवली गेली.

बाबा जाळं दुरुस्त करत होते. वर न बघता विचारलं, "डाव्या हाताने टाकणारे किती आहेत तुमच्यात?"

"मी एकटी."

"मग झालं."

बाबा वर्षातून एकदा बोलतात, पण कामाचं बोलतात.

९ जानेवारी

आजचा दिवस नीट लिहायला हवा.

पुस्तकासाठी मुनाकाता यांच्याकडे गेले. वय एक्क्याऐंशी. स्टेशनसमोर औषधांचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. चौसष्ट साली त्यांच्या वर्गातून मॅनेजर झाले ते हेच. मेळाव्यात सगळ्यांत छान भाषण यांचं असतं. मी वही उघडून बसले. त्यांनी छान भाषण केलं. त्याग, संघ, आयुष्य घडलं. मी उतरवून घेतलं.

त्यांची बायको चहा घेऊन आली. ती हसत म्हणाली, "खोटं बोलतायत हो. अजून झोपेत पाय झाडतात. मी विचारलं एकदा, कुठे पळत होता? तर म्हणे, सेकंड बेसला."

मुनाकाता आजोबांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "वही मिट."

मिटली.

"मी वाईट खेळत नव्हतो," म्हणाले. "आमच्यात माझ्यापेक्षा वाईट तिघे तरी होते. पण मला ती शांतता सहन होईना. पाचव्या संध्याकाळी तोंडातून निघून गेलं. त्यांनी मला खांद्यावर घेतलं, दारू पाजली. कोणीतरी नाव घेतलं असतं ना, तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. कोणी घेतलं नाही. म्हणून साठ वर्षं मला रागवायलाही कोणी नाही."

ते बिस्कीट खात राहिले.

निघताना क्लबच्या भिंतीवरच्या त्या फोटोचा विषय काढला. सेहेचाळीस सालचा, नऊ हातमोजे. तर ते हसायलाच लागले.

"निशिवाकी दादा? ते मेळाव्याला यायचे, मी पाहिलंय त्यांना. ते माझ्याकडे बघून म्हणायचे, ‘तुम्ही पोरं येडी आहात. आम्ही आळीपाळीने बसायचो रे. हातमोजे नऊ, म्हणून दर सामन्याला एक जण बाहेर. फोटोवाला आला त्या दिवशी माझी पाळी होती.’"

"आणि त्यानंतरच्या सामन्यात?"

"त्यानंतरच्या सामन्यात ते थर्ड बेसवर होते. दोन चुका केल्या म्हणे."

परतीच्या बसमध्ये मी एकटीच हसत होते. समोरच्या बाईंनी पिशवी जवळ ओढून घेतली. पाळी होती! ऐंशी वर्षं आपण एका पाळीपायी माणसं खुडतोय.

१० जानेवारी

सरळ सरांकडे. सगळं सांगितलं. म्हटलं, "आम्ही आठ जण आळीपाळीने करतो. एकेक सामना एकेकाने कोट घालायचा. मूळ पद्धत हीच आहे."

सर म्हणाले, "खरं असेल तर पुस्तकात लिही. माझी ना नाही."

"आणि पाळी?"

"लीगला वर्षभरासाठी एकच नाव लागतं, माकाबे. फोन एकाच माणसाला येतात. रात्री बस बंद पडली तर कोणाची पाळी होती ते शोधत बसायचं का? एकतीस तारीख."

म्हणजे इतिहास खरा, पण उपयोग शून्य. दार हळू लावलं. मुद्दाम हळू.

१५ जानेवारी

शिनोझुका साहेबांचा फोन. माझं टिपण त्यांच्यापर्यंत पोचलं.

"पोरी, हे काय लिहिलंयस? त्या फोटोवर या क्लबचा पाया आहे."

"पाया तसाच आहे, साहेब. फक्त त्यावर उभे असलेले लोक पाळीपाळीने उभे होते."

"मुनाकाता म्हातारा झाला. त्याच्या लक्षात राहत नाही."

"मग चौऱ्याहत्तरच्या अजिंक्यपदाची माहिती तुमच्याकडून घ्यावी की नको?"

मला वाटलं आता पुस्तक गेलं, बॅटा गेल्या, मीही गेले. पण ते एकदम म्हणाले, "तुला माहीत आहे, आमच्या वर्गातून कोण मॅनेजर झाला? माझा खोलीतला जोडीदार. नंतर कधी मेळाव्याला आला नाही." आणि फोन ठेवला.

छापू नको असं म्हणाले नाहीत. मी छापणार. त्या पाळीचं पान पहिलं असेल, अजिंक्यपदाच्या आधी.

२१ जानेवारी

तिसरी बैठक. मी आळीपाळीची गोष्ट सगळ्यांना सांगितली, फोटोकडे बोट करून. दोघे हसले. एक जण म्हणाला, "मग निशिवाकी दादांनी आपल्याला येडं बनवलं."

होशिना उसळला. "तुला कशातही फक्त तुझा फायदा दिसतो, माकाबे. सगळ्यांना माहितीये की हे काम तूच करायला हवंस!"

झालं. नाव घेतलं. खोलीत सगळ्यांची तोंडं उघडी. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा असावं. मला खरं सांगायचं तर आनंद झाला. इतके दिवस हवेशी भांडत होते, आता समोर नाक-डोळे असलेला माणूस मिळाला.

"नाही," मी म्हटलं. "आणि विचारल्याबद्दल आभार."

सरांच्या कानावर गेलं. नियम मोडला म्हणून उद्या पहाटे अख्ख्या वर्गाने मैदानावरचा बर्फ काढायचा. जानेवारीत! संध्याकाळपर्यंत पुन्हा तेवढाच पडणार.

२२ जानेवारी

बर्फ काढला. कंबर गेली. मैदानात शिरताना सगळ्यांनी टोप्या काढून मैदानाला वाकून नमस्कार केला, रोजच्यासारखा. मैदान दिसतही नव्हतं, तरी केला.

होशिनाचं आणि माझं फावडं शेजारी शेजारी. बराच वेळ नुसता खरखराट. मग तो म्हणाला, "मला खेळायचंय गं. एवढंच आहे. कोणीतरी दुसऱ्याने करावं असं वाटतं."

"मलाही तेच वाटतं."

"माहितीये." मग थोड्या वेळाने, "तू बरी टाकतेस. बॅटरच्या बाहेरच्या कडेला."

"मला सांगू नकोस. सरांना सांग."

सांगणार नाही. पण ऐकून बरं वाटलं हे इथे कबूल करायला हरकत नाही. ओरितोने पिचरच्या, म्हणजे माझ्या, उंचवट्यावरचा बर्फ एकट्याने काढला, अगदी खालच्या मातीपर्यंत. बाकीचं मैदान पांढरं आणि मधोमध एक काळा ठिपका. मी त्याच्यावर उभी राहिले आणि बूट आपटले. पाय गार पडले, पण खाली उतरले नाही.

२६ जानेवारी

ओरितोने झेलले. चांगले पडले. शेवटचे दहा तर त्याने हातमोजा हलवलाच नाही.

आवरताना म्हणाला, "तू सोडू नकोस."

हे त्याचं आजवरचं सगळ्यांत लांब भाषण. मी म्हटलं, "नाहीच सोडणार. अख्खा वर्ग बसला तरी चालेल."

"अख्खा वर्ग म्हणजे मीपण," तो म्हणाला आणि हसला. मीही हसले. त्याचा हातमोजा हातात घेऊन बघितला. लोण्यासारखा झालाय. घातला तर त्याच्या बोटांचे खळगे आत तयार. वसंतातला पहिला सामना घरच्या मैदानावर आहे, त्याचे आई-बाबा ट्रेनने येणार आहेत, तिकिटंसुद्धा काढली म्हणे. मी म्हटलं, "आणि आपण सगळे बसलो तर?" तर म्हणाला, "मग ते बर्फ बघून जातील."

३० जानेवारी

उद्या शेवटची. पहिल्या वर्षाच्या पोरांनी आतापासूनच आमच्याकडे बघून आवाज खाली करायला सुरुवात केलीये, जसं काही घरात कोणी आजारी आहे. त्यांच्यातल्या एकाला तर सेकंड बेसवर सराव करायला लावलाय.

आईचा फोन येऊन गेला, घेतला नाही. मुनाकाता आजोबांचाही आला, तो घेतला. म्हणाले, "उद्या ना? शांतता सहन कर. ती सगळ्यांनाच जड असते, तुझ्या एकटीच्या डोक्यावर नसते."

सहन करणार. आणि यावेळी छताकडे बघणार नाही. डोळ्यांचाच खेळ असेल तर मलाही डोळे आहेत. एकेकाकडे बघणार, तो मान फिरवेपर्यंत. बघू कोणाला जास्त वेळ जमतं.

३१ जानेवारी

ठरवल्यासारखं केलं. आधी होशिना. त्याने मान फिरवली. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. सहाही जणांनी फिरवली. जिंकतेय असं वाटत होतं.

ओरितो ओळीत शेवटी होता, म्हणून त्याच्याकडेही बघितलं. त्याने मान फिरवली नाही. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मी करतो."

खोलीत सगळ्यांचा श्वास सुटला. माझाही.